परवाचा ताप

वृषाली दुपारी पाळणाघरात आली तेव्हा तिची चार वर्षांची जुई काचेच्या खोलीत एकटीच बसली होती. बाहेर बाकीची मुलं वरणभात खात होती. जुईपुढे नुसती पेज होती.

“काय झालंय हिला?”

“अजून काही नाही,” संचालिका मुलीच्या मनगटावरच्या, तब्येतीचा अंदाज सांगणाऱ्या पट्टीकडे बोट दाखवत म्हणाल्या. “पण पट्टी सांगते, परवा ताप येणार. नियमाप्रमाणे औषध सुरू केलंय.”

“न आलेल्या तापाचं औषध? मला न विचारता?”

मुलांना जेवण वाढणाऱ्या मंदाताईंना राहवलं नाही. “गेल्या महिन्यात तिघांना असंच बसवलं होतं. एकालाही ताप आला नाही.”

“औषध दिलं म्हणूनच आला नाही,” संचालिका शांतपणे म्हणाल्या.

वृषालीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने जुईची पट्टी ओढून काढली आणि टेबलावर आपटली.

“पट्टी नसेल तर उद्यापासून प्रवेश नाही.”

“नका देऊ. आत्ता ती जेवणार.”

तिने जुईला पंगतीत बसवलं. मंदाताईंनी संचालिकांकडे न बघता भात वाढला, वर तूप सोडलं. जुईने मात्र हात मागेच ठेवले. तिने स्वतःचं कपाळ चाचपून पाहिलं आणि भीतभीत विचारलं,

“आई, मी खरंच आजारी नाहीये?”