जाळं उचलवत नाही
जोडीच्या मासेमारी स्पर्धेत दोघांना वेगवेगळी तळी देतात आणि शेवटी वजनाची बेरीज करतात. कीथच्या कोपऱ्यात गळाला दिवसभर वाराच काय तो लागला. पकडलेले मासे जिवंत ठेवायला पाण्यात सोडलेल्या जाळ्यात बोटाएवढे चार मासे होते. "बायकोला जोडीदार केलंस? चहा तरी वेळेवर मिळेल," शेजारचा टेरी सकाळपासून चिडवत होता. चहाचा थर्मास कीथच्याच पायाशी होता. बायको गळ आणि आमिषाच्या आळ्यांचा डबा घेऊन आपल्या तळ्यावर गेली होती. शिट्टी झाली, तराजू आला. टेरीने आपलं जाळं ऐटीत एका हाताने उचललं. तेवढ्यात बांधापलीकडच्या तळ्यावरून बायकोची हाक आली, "कीथ, जरा ये रे. मला एकटीला जाळं उचलवत नाही." टेरीचा हात हवेतच राहिला. कीथने थर्मास त्याच्यापुढे ठेवला. "घे, चहा मीच केलाय," म्हणाला आणि मुद्दाम रमतगमत निघाला, म्हणजे तिला आणखी एकदा ओरडावं लागेल.