मधली पट्टी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक फणी समोर आणा. बाजारातली रंगीत प्लास्टिकची नको. म्हशीच्या शिंगाची, काळीभोर, बोटांना गार लागणारी. आता तिचे दात पाहू नका. दोन दातांमधली फट पाहा. पहिल्या फटीपासून शेवटच्या फटीपर्यंत सुताचाही फरक नाही. हे कसं जमतं, ते नऊ वर्षांच्या रागिणीला ठाऊक होतं.

तिच्या घरी दोन पात्यांची करवत होती. एक पातं जरा खाली, दुसरं जरा वर, आणि दोन्हींच्या मध्ये, अंतर सारखं राखायला, शिंगाचीच एक पातळ पट्टी. खालचं पातं फट कापायचं, तेवढ्यात वरचं पातं पुढच्या फटीची खूण करून ठेवायचं. आजोबांनी ती स्वतः जोडली होती. अकोल्याच्या जुन्या शहरात, त्यांच्या गल्लीत, तशी करवत आता एकच उरली होती.

आणि त्या दुपारी रागिणीचे बाबा श्रावण आणि काका देवमन त्या करवतीवरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

आजोबांच्या माघारी फण्यांच्या धंद्याची वाटणी सकाळपासून चालली होती. शेगडी श्रावणला, शिकंजा देवमनला, शिंगांची पोती निम्मी निम्मी. देवमन प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवत होता. मध्यस्थ म्हणून बोलावलेले शेजारचे नत्थुजी तेलाच्या पिप्यावर बसून घाम पुसत होते.

"करवत माही," श्रावण म्हणाला. "दात मी पाडतो."

"अन् मी काय इतके वर्षं शिंगं फुकत होतो?"

"तेच करत होता. तुले अजून शेगडीवर शिंग सरळ करता येत नाही. अर्धे तं जाळूनच ठेवतो."

"असं काय? मंग तोडतो हे करवत. एक पातं तुले, एक मले!"

"तोड! हिंमत असंन तं तोड!"

नत्थुजी धडपडत उठले. "येडे झाले काय बे? करवत काय भाकर हाय, अर्धी अर्धी कराले?"

कोणी ऐकलं नाही. देवमनने छिनी लावली आणि हातोडीच्या तीन घावांत मुठीचे खिळे उडवले. मूठ चिरली. पाती खणखणत दोन बाजूंना पडली. दोघांनी एकेक उचललं.

देवमनने लगेच शिंगाचा चपटा तुकडा शिकंज्यात आवळला आणि एकट्या पात्याने कापायला घेतलं. पहिला दात बरा आला. दुसरा जाड. तिसरा तिरपा. चौथा कटकन मोडला.

श्रावण मोठ्याने हसला. "वा! हे फणी कोणाले इकशीन? टकल्याले?"

"मंग तू करून दाखव ना!"

श्रावणने त्याला खांद्याने बाजूला रेटलं आणि दुसरा तुकडा आवळून आपल्या पात्याने कापायला घेतला. त्याचा हात जास्त मुरलेला. त्याचा चौथा दात टिकला, पाचवा मोडला. देवमन हसला नाही. दाराबाहेर जाऊन थुंकला आणि परत आत आला.

रागिणीने दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले. एकाच माणसाच्या दोन मुलांनी कापलेले, पण एकाही फटीचं दुसऱ्या फटीशी जुळत नव्हतं. तिने ते खाली ठेवले. तेव्हा तिला शिंगाच्या भुशात पडलेली ती पट्टी दिसली. बोटभर लांब, आजोबांनी घासून घासून नखासारखी गुळगुळीत केलेली. वाटणीत तिची आठवण कोणालाच झाली नव्हती. रागिणीने वाकून ती उचलली.

दोघांनीही पाहिलं.

"दे इकडे, बेटा. माह्या बापाच्या हातची हाय ते," श्रावण म्हणाला.

"तुह्या एकट्याचाच बाप होता काय? रागिणी, मले दे व!"

"बोटभर पट्टी हाय रे ते," नत्थुजी म्हणाले. "आता तिच्यावरूनही?"

दोन हात तिच्यासमोर आले. दोघांच्याही दुसऱ्या हातात एकेक पातं होतं.

"कोणाले देशीन? सांग!" बाबा ओरडले.

रागिणीने पट्टी दातांत आडवी धरली, जबडा घट्ट मिटला आणि दोघांच्या मध्ये, तिथेच भुशात, मांडी घालून बसली.