काखेतला नारळ

गेल्या वर्षी चेंडू काखेत धरून पळायच्या कॅनेडियन फुटबॉलच्या फायनलमध्ये धावताना परीक्षितच्या काखेतला चेंडू निसटला, संघ हरला. अख्ख्या कॅल्गरीने त्याच्या नावाने शिमगा केला. आईने मात्र ग्रोसरीतून नारळ आणून त्याच्या काखेत दिला. “घरी असलास की हा खाली ठेवायचा नाही.” तो बेसमेंटचा जिना चढत असो, एका हाताने बर्फ शोव्हल करत असो, ती मागून नारळाला चापट मारायची. “आई, सीरियसली?” म्हणत तो पुन्हा उचलायचा. हळूहळू नारळ पडेनासा झाला. यंदा लीगमध्ये चेंडू घेऊन त्याच्याएवढं कोणीच धावलं नाही. आज पुन्हा फायनल. शेवटच्या मिनिटाला तिघांनी त्याला पाडलं, चेंडूवर गुद्दे हाणले. पकड सुटली नाही. जिंकल्यावर तो स्टँडमधल्या आईपाशी आला. तिने काखेतल्या चेंडूला सणसणीत चापट मारली. चेंडू हलला नाही. ती म्हणाली, “चल, आता नारळ फोडू.”