सोयीची बँक

१९७५ साली नलूला कोल्हापूरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि तिच्या वडिलांनी, आप्पांनी, अख्ख्या आळीला पेढे वाटले. घरात बापलेक दोघंच. फी भरून झाली, गादीची वळकटी बांधून झाली, पण खर्चाच्या पैशांसाठी तिचं खातं कुठे उघडायचं ते काही ठरेना. कोल्हापूरची एकही बँक आप्पांच्या मनास येत नव्हती.

"वसतिगृहाजवळची नको गो बाय, बाजूला थेटर आहे. स्टँडावरची तर नकोच, तिथे ही गर्दी! आणि त्या तिसऱ्या बँकेतला साहेब म्हणे माणसाला बसासुद्धा म्हणत नाही."

"माझ्यासाठी नवरा बघताना एवढी चौकशी करू नका म्हणजे झालं," नलू हसून म्हणाली.

शेवटी निघायच्या आदल्या दिवशी आप्पा तिला घेऊन शिरले ते रत्नागिरीतल्याच, घराजवळच्या बँकेत. मॅनेजरने कपाळाला हात लावला.

"अहो आप्पा, पोरगी राहणार कोल्हापुरात. इथल्या खात्यातले पैसे काढायचे तर दर खेपेला तिला एस.टी. पकडून, घाट उतरून इथेच यावं लागेल!"

"सकाळपासून मी तेच सांगतेय त्यांना," नलू वैतागून म्हणाली.



आप्पांनी तिचा फोटो टेबलावर पुढे सरकवला आणि हळूच विचारलं, "यावंच लागेल ना... नक्की?"