बाजारात गेलेली आई

दार धाडकन लावलं, पण आतून. "चिमे, मी बाजारात जाऊन येते गं!" असं खणखणीत आवाजात सांगून आई अनवाणी पावलांनी पॅसेजमधून मागे फिरली आणि लेकीच्या खोलीच्या दाराआड जाऊन उभी राहिली. एका हातात चपला, काखेत लेकीचं दुसरीचं पुस्तक. स्वतःच्याच घरात चोर!

करणार काय बिचारी? बाईंनी सक्त ताकीद दिली होती, आज घरातलं मोठं माणूस जवळ नको. शाळा बंद पडून वर्ग लॅपटॉपवर आले तेव्हापासून बाई मागे पडलेल्या मुलांना एकेकटं समोर बसवून वाचून घ्यायच्या. आज चिमीला नीट वाचता आलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून तिची रवानगी पहिलीच्या पोरांत.

पहिलीच्या पोरांत! नुसत्या विचारानंच आईला कसंतरी व्हायचं. जावेची मुलगी चिमीहून लहान, आणि ती म्हणे पेपर वाचते. मागच्या फोनवर आईनंही ठोकून दिलं होतं, "आमची पण फडाफडा वाचते हो." आता जावेला काय तोंड दाखवायचं?

खरं म्हणजे चिमी ओळीओळीला अडखळायची. अडखळली की आई पलीकडच्या खोलीतून हेडफोन काढून धावत यायची. आईचं काम विमा कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं, तेही घरूनच. दिवसभर लोकांचे शिव्याशाप खायचे आणि वर गोड बोलायचं. पण लेक अडली की ती समोरच्याला "एक मिनिट हं सर" म्हणून थांबवायची, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी लेकीजवळ टेकायची आणि शब्द कुजबुजायची. चिमी तो मोठ्यानं म्हणायची. बाई काय दूधखुळ्या नव्हत्या. त्यांनी ते हेरलं होतं, म्हणून तर आजची ही परीक्षा.

"लॅपटॉप जरा गोल फिरव बरं," बाई म्हणाल्या. "आई कुठे आहे?"

"बाजारात गेलीय."

दाराआड आईनं पोट आत घेतलं, श्वास रोखला. खोटं बोलू नये म्हणून लेकीला रोज दटावणारी ती, आणि आज ही तऱ्हा. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज बाजूला ठेवून तिनं पुस्तक उघडलं. पोर अडली की फटीतून हळूच शब्द सांगायचा, एवढंच. आई मागे आहे म्हटल्यावर तिलाही धीर येईल.

"पुस्तक मिटून ठेव," बाई म्हणाल्या. "मी पडद्यावर एक नवी गोष्ट दाखवते. ती वाच."

झालं! आईच्या हातातलं पुस्तक कुचकामी ठरलं. फटीतून तिला लेकीची फक्त वेणी दिसत होती, पडदा नाही. आता हिचं काही खरं नाही, असं मनाशी म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

चिमीनं घसा खाकरला आणि वाचायला लागली. हरवलेल्या छत्रीची गोष्ट होती. पोरगी एकदाही अडली नाही. जोडाक्षरांना तिनं भीक घातली नाही. म्हातारा म्हाताऱ्यासारखा बोलला, पोलीस भसाड्या आवाजात ओरडला, आणि छत्री म्हाताऱ्याच्याच काखेत सापडली तेव्हा ती स्वतःच खुदकन हसली.

आईच्या हातातल्या चपला पडायच्याच बाकी होत्या. माझी पोर! माझी चिमी! धावत जाऊन तिला उचलून घ्यावं असं तिला वाटलं. जावेला कधी एकदा फोन करते असंही झालं, खोटं कशाला बोला.

"अगं, तुला तर सगळं येतंय!" बाई चाटच पडल्या. "मग रोज काय होतं तुला?"

चिमी हळू आवाजात म्हणाली, "आईला सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार."

"अडखळलं की आई येते."

"आणि नीट वाचलं तर?"

"तर तिकडूनच म्हणते, शाब्बास गं बाई माझी. मग परत दुसऱ्यांशी बोलते."

आईला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. लेकीजवळ आपण शेवटचं कधी टेकलो, उगाचच, ती चुकली नसताना? आठवेना. टेकलो तेही अर्धं लक्ष हेडफोनकडे ठेवून, "आटप गं, लोक खोळंबलेत" म्हणत. तेवढ्या कुजबुजीसाठी पोरीनं सगळ्या वर्गात स्वतःला ढ म्हणवून घेतलं. आणि आपण? आपण तिचीच लाज बाळगत होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. बाहेर यावं तर कुठल्या तोंडानं?

"वेडाबाई, हे आईलाच सांगायचं की," बाई म्हणाल्या.

"सांगितलं होतं. काम संपलं की बसते म्हणाली."

बाई मुद्दामच हसत म्हणाल्या, "बरं, ते बघू आपण. पण आता घाबरायचं नाही. तू दुसरीतच राहणार. पहिलीच्या मुलांत बसायची काही गरज नाही तुला."

चिमीची वेणी खाली झुकली.

"बाई, मला पहिलीतच घाला ना," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "त्यांच्या आया पूर्ण तास शेजारी बसतात."