सहावा धडा

करुणाच्या हातांना आता मोबाइल पेलत नव्हता, म्हणून तो तिची माय केसरबाईच धरून बसायची. उत्क्रांती अन् जीवशास्त्राचा फुकटातला ऑनलाइन कोर्स होता, मराठीतून. बी.एस्सी.चं वर्ष बुडालं, पण पोरीचा ध्यास काही सुटला नव्हता. रोज दुपारी एक धडा. टीबीच्या वॉर्डात दुसरा विरंगुळा तरी कसला?

त्या दुपारी पाचवा धडा संपता संपता करुणाचा डोळा लागला आणि सहावा आपोआप सुरू झाला. तो बंद कसा करायचा ते केसरबाईला समजेना. मग ती ऐकतच राहिली.

औषध सुरू झालं की कमजोर जंतू आधी मरतात, शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या. चिवट असतात ते मागं राहतात. माणसाला वाटतं, झालो बरा. तेवढ्यात गोळ्या सोडल्या की त्या चिवटांना रान मोकळं. त्यांची पिल्लावळही तसलीच निपजते, मग त्याच गोळ्यांनी तिचं काही बिघडत नाही. निसर्गाची निवड म्हणतात ती हीच.

केसरबाईला घरातला तुरीचा डबा आठवला. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी करुणाच्या गालांवर तजेला आला होता, अन् नेमकी तेव्हाच लासूर स्टेशनहून सोयरीक चालून आली. पाहुण्यांना कुणकुण लागू नये म्हणून उरलेल्या गोळ्या केसरबाईनंच त्या डब्यात लपवल्या. बरी झालीस की आता, बास कर, असंही तीच म्हणाली होती. सोयरीक जमलीच नाही. दुखणं तेवढं परत आलं, आणि डॉक्टर आताशा तिची नजर चुकवायला लागले होते.

भरती करताना त्यांनी कागद भरता भरता विचारलं होतं, गोळ्या कुणी बंद केल्या. केसरबाईनं मान खाली घातली. करुणा म्हणाली, मीच. मळमळायचं म्हणून. किती सहज म्हणाली होती. तिला बिचारीला कुठं ठाऊक, घात कशानं झाला ते. हा धडा ऐकला तर मात्र कळेल. पोटच्या पोरीनं शेवटी आपल्याकडं त्या नजरेनं बघावं, हे केसरबाईला सोसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सरळ सातवा लावला. तो माशांचा होता.

"माय, सहावा राहिला," करुणा म्हणाली.

"तो उघडतच नाय. त्यात लई काय नाय म्हणं." केसरबाई मोबाइलकडंच बघत म्हणाली.

करुणानं चाचपडत तिचा हात धरला.

"राहू दे. तो म्या सगळ्यात आधी बघितला, माय. डॉक्टरांनी इचारायच्याही आधी."