मांडीवरची बॅटरी

शाळांच्या रोबोट स्पर्धेच्या अंतिम फेरीआधी नातीने त्यांच्या यंत्राची भरलेली बॅटरी माझ्या मांडीवर ठेवली.

"आजोबा, मागितली की द्या. डुलक्या काढू नका."

"माझ्यावर सोड सगळं," मी म्हणालो.

ती मागायला आलीच नाही. पुकारा झाला आणि तिच्या संघातल्या मुलींनी घाईघाईने यंत्र मैदानात नेलं. मला वाटलं, दुसरी बसवली असेल.

मुली ही फेरी हरल्या असत्या तर शाळेने संघच बंद केला असता. नात एका हाताने रिमोट चालवत दुसऱ्या हाताची नखं खात होती. पण यंत्र कधी नव्हे इतकं शहाण्यासारखं चाललं. एकेक कडं त्याने अलगद उचलून खांबावर चढवलं.

मुली जिंकल्या. त्यांच्या सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझाही ऊर भरून आला.

नात यंत्र घेऊन धावत आली आणि माझ्या मांडीकडे बघून थबकली.

"आजोबा, आपल्याकडे एवढी एकच होती."

तिने यंत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि झाकण उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती. वायरी सुट्या लोंबत होत्या.

मी नीट बघायला वाकलो. यंत्राचा पंजा हळूच वळला आणि त्याने माझं बोट धरलं, तान्ही असताना नात धरायची तसं.

पंजा कोमट होता.